सातारा ते कोइंबतूर: ट्रॅकवर ब्रेक कमी पडले, त्याचा तपास

कोइंबतूरच्या रेसिंग ट्रॅकवर माझी हॅचबॅक घेऊन गेलो होतो. शनिवारच्या पहिल्या सेशनला, पाचव्या लॅपमध्ये (फेरीत), मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. वळण निघालं. पुढच्या लॅपला पेडल आणखी खाली. मग वेग उतरवत, बाजू धरून पिटमध्ये आलो. भाचा तिथेच उभा होता. मी हेल्मेट काढायच्या आत त्याने विचारलं, "मामा, पेडल मऊ लागलं का कडक?"

ब्रेक लागत नाहीत म्हटल्यावर जो तो उपाय सुचवतो: मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती), स्टीलच्या जाळीचे होज (ऑइलच्या नळ्या), महागडे पॅड (डिस्कला घासून ती थांबवणारे). पण आधी पेडलचं उत्तर हवं. पेडल मऊ होऊन खोल जात असेल तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूला. पेडल दगडासारखं कडक आणि तरी गाडी पळतेच, तर दोष पॅड, डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नाहीतर बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणारा भाग) बाजूला. आमच्या नशिबी एकाच दिवशी दोन्ही आलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी रस्त्याचं. साताऱ्याहून गुरुवारी पहाटे चारला निघालो आणि मुक्काम होसूरला केला. शुक्रवारी कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम, अविनाशी करत दुपारी कोइंबतूर. एकूण सुमारे अकराशे किलोमीटर. बंगळूर शहरातून जायची वेळ संध्याकाळची येऊ देऊ नका, दोन तास तिथेच जातात. धर्मपुरी सोडल्यावर सेलमच्या दिशेने तोप्पूरचा घाट लागतो. लांब उतार, अवजड ट्रक, अपघातांसाठी बदनाम जागा. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरा. मी तसाच उतरलो, पण दोनदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी किंचित डावीकडे ओढली. रस्त्याला डावीकडे उतार असतोच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. ती चूक पुढे महागात पडली.

कारी मोटर स्पीडवे शहराच्या दक्षिणेला, चेट्टिपाळयमला आहे. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक. फॉर्म्युला मारुती ही एका माणसाची रेसिंग गाडी उभी करून त्यांनी आपल्याकडच्या कितीतरी पोरांना परवडेल अशा खर्चात रेसिंगची वाट दाखवली. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे आणि गेटमधून आत जाताना तो जाणवतो. ट्रॅक २.१ किलोमीटरचा, छोटा आणि वळणांचा. छोट्या हॅचबॅकला फार वेग गाठता येत नाही, म्हणून ब्रेकवर ताण कमी येईल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. वळणं जवळजवळ असल्याने डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

हिशोबच बघा. माणसासकट ११०० किलोची गाडी ताशी १२० वरून ५० वर आणली की पाच लाख जूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. एका ब्रेकमध्ये एवढं, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. घाटात हे अधूनमधून होतं, ट्रॅकवर दर लॅपला, पुन्हा पुन्हा.

पिटमध्ये गाडी उभी केल्यावर बॉनेट उघडायच्या आधी आम्ही पायानेच तपासण्या केल्या. पेडल तीनचार वेळा भराभर मारलं तर वर आलं, म्हणजे लाइनमध्ये हवा किंवा वाफ, नाहीतर मागच्या ड्रममधले लायनर (ड्रमला आतून घासणारे) ढिले. पेडल दाबून अर्धा मिनिट धरलं, ते हळूहळू खाली बसलं नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरवरचा (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) संशय कमी झाला. मग हँडब्रेक दोनतीन दात ओढून पेडल पाहिलं. त्याने पेडल वर आलं असतं तर मागचे लायनर ॲडजस्ट करायला हवे होते. फरक पडला नाही. हे पाहून झाल्याबरोबर हँडब्रेक सोडला आणि चाकाला दगड लावला. तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावून उभी करू नये, पिटमध्ये पेडलवर पाय ठेवूनही बसू नये. पॅडचा माल गरम डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं.

पाऊण तासाने, गाडी गार झाल्यावर, पेडल जवळजवळ पूर्ववत झालं. आमच्या दृष्टीने तिथेच निदान झालं: ऑइल उकळलं होतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. तेवढ्यावर विश्वास ठेवून परत ट्रॅकवर जाऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नव्या डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. माझ्या गाडीतल्या ऑइलने साताऱ्याचे दोन पावसाळे पाहिले होते, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. ट्रॅकला जायच्या आठवड्यात ऑइल बदला, सीलबंद डबा घ्या. घरातला उघडलेला जुना डबा वापरायचा मोह नको. आणि डॉट ५ घेऊ नका. ते सिलिकॉनचं, ५.१ वेगळं.

दुपारी पूर्ण ऑइल बदलून लाइनमधली एअर (हवा) काढली. उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांना मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहून घ्या. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी एकदा जरी तळाला गेली तरी पुन्हा हवा शिरते, म्हणून भाच्याला तेवढंच काम दिलं होतं. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

चारच्या सेशनला पेडल वर, भरीव. मी खूश. चौथ्या लॅपला जळका वास आला, पेडल कडकच राहिलं आणि गाडी थांबायला तयार नाही. शिवाय डावीकडे ओढ, आता स्पष्ट. एबीएस एकदाही लागलं नाही. सकाळी गार ब्रेकवर जोरात दाबल्यावर ते लागत होतं, म्हणजे टायरची पकड शिल्लक होती आणि ब्रेकच तिथवर पोचत नव्हते. ही खूण लक्षात ठेवा. एबीएस लागत असेल आणि तरी गाडी लवकर थांबत नसेल, तर ब्रेकवर पैसे घालून उपयोग नाही, टायर बघा.

इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या डिस्क मोजल्या. डावी २९० अंश, उजवी १७०. चकचकीत लोखंडावर ही बंदूक खरा आकडा दाखवत नाही, कमीच दाखवते, त्यामुळे आकडा सोडून द्या आणि दोन बाजूंतला फरक घ्या. उजवं चाक काम करत नव्हतं. गाडी ज्या बाजूला ओढते ती बाजू चांगली आणि दुसरी आजारी, हे तिथे डोक्यात पक्कं बसलं.

चाक काढल्यावर सगळं समोर आलं. उजव्या कॅलिपरची खालची स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती, गंजून घट्ट बसली होती. तिचं रबरी बूट (आवरण) फाटलेलं, आत मातकट पाणी. कॅलिपर सरकत नाही म्हणजे पिस्टन फक्त आतला पॅड रेटतो. आतला पॅड ४ मिलिमीटर, बाहेरचा ९. डावीकडचे दोन्ही पॅड मात्र काचेसारखे गुळगुळीत, जळलेले. म्हणजे डावं चाक दोघांचं काम करत होतं, तेच भलतं तापत होतं, आणि सकाळी ऑइल उकळलं तेही बहुधा त्याच चाकात. ओलं ऑइल हे अर्धं कारण. आम्ही ते बदलून थांबलो, ऑइल एवढं तापलं कशाने हे विचारलंच नाही. तोप्पूरच्या घाटात गाडीने ते सांगितलं होतं.

शहरात स्पेअरच्या दुकानात संध्याकाळी सातपर्यंत पिन, बूट आणि पॅडचा संच मिळाला. तमिळ येत नसेल तर जुना भाग हातात घेऊन जा. दुकानातल्या अण्णांनी पिन बघितली आणि न विचारता सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब पुढे केली. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलले. डिस्कवरची चमक एमरी पेपरने घालवली.

रविवारचं पहिलं सेशन नवे पॅड डिस्कशी घासून जुळवण्यात घालवलं. मध्यम वेगावरून ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग, असं आठदहा वेळा, मग दोन लॅप ब्रेक न वापरता गार. घाई केली असती तर हेही पॅड जळले असते. दुसऱ्या सेशनला बारा लॅप सलग केले. पेडल शेवटपर्यंत जागेवर, डिस्कमधला फरक वीस अंशांच्या आत.

निघण्याआधी घरी एक तास द्या. पुढची दोन्ही चाकं काढा, पिना हाताने सरकतात का बघा, आतला आणि बाहेरचा पॅड मोजा. बूस्टरचीही परीक्षा होते: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारा, दाबून धरा, इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली बसायला हवं. सोबत जॅकबरोबर स्टँड न्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. एअर काढायच्या निपलला बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक लिटर सीलबंद डॉट ४ आणि जुने पण चांगले पॅड डिकीत असू द्या. फक्त ट्रॅकसाठी बनवलेले पॅड मात्र घरून लावून निघू नका. ते गार असताना नीट पकडत नाहीत, आणि पहाटेच्या हायवेवर ट्रक अचानक लेन बदलतो तेव्हा ब्रेक गारच असतात.

परतताना होसूरला सकाळी पुन्हा डिस्क मोजल्या, डाव्या-उजव्यात फरक नव्हता. साताऱ्यात आल्यावर मागचे ड्रम उघडले. लायनर ठीक होते, उजव्या व्हील सिलिंडरचं बूट चिरायला लागलं होतं. ते पावसाळ्याआधी बदलायचं आहे.