घण नाही, काही नाही
भाचा सुट्टीवर आलाय. काकीनाड्यासमोरच्या खोल समुद्रात असतो; 2024 च्या जानेवारीत ओएनजीसीच्या प्रकल्पातून पहिलं तेल निघालं ना, तिकडंच. आज त्याला उद्यमबागेतलं माझं वर्कशॉप दाखवायला नेलं आणि शिकून मीच आलो.

तेल साठवणारं अख्खं जहाज तिथं तरंगतंच ठेवतात. मग ते बांधतात कशाशी? अशा ठिकाणी तळाच्या चिखलात घराएवढी पोलादी पिंपं सोडतात, खालून उघडी, वरून बंद. वजनानं थोडी रुततात. मग आतलं पाणी पंपानं उपसायचं. बाहेरच्या पाण्याचा दाबच त्यांना खाली रेटतो. "घण नाही, काही नाही, मामा!"

तीस वर्षं लेथवर गेली माझी, हे डोक्यात आलं नसतं.

आईनं मात्र एवढंच विचारलं, "तिथं भाकरी मिळते काय रे?"