तिसरी हार्ड डिस्क

सलग दोन रात्री ती हार्ड डिस्क माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या मशीनला जोडून मी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचून काढली. एक टेराबाइटमध्ये एकही बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारा तुकडा, नाही, आवाज नाही, तापमान 41 अंशांच्या वर गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ती घेऊन गेले, घरी जोडली आणि संध्याकाळी पाचला त्यांचा फोन आला. "पुन्हा टक् झालं बघा. स्क्रीन जागच्या जागी थांबली."

त्या कॉम्प्युटरची ही तिसरी डिस्क. पहिली सात वर्षं चालली होती, तिचं वयच झालं होतं. दुसरी सात महिन्यांत खडखडायला लागली आणि वॉरंटीत बदलून मिळाली. तेव्हा मी ठासून सांगितलं होतं, "लॉटच खराब असणार, अण्णा." शिवाय घरी जाऊन कॅबिनेट उघडलं, तर आत बोटभर कापसाचं तूस साचलेलं. ते साफ केलं, डिस्कसमोर एक पंखा लावला आणि निर्धास्त झालो. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, उन्हाला बोल लावला की सगळ्यांना पटतं. तिसऱ्या डिस्कला आता जेमतेम पाच महिने झाले होते.

अण्णांचं घर सोलापूरच्या पूर्वभागात. तिथल्या कितीतरी घरांसारखं: खाली यंत्रमाग, वर संसार. खालचे आठ माग त्यांचा धाकटा भाऊ बघतो. अण्णांनी स्वतः उमेदीची वर्षं मागावर काढली, मग टॉवेल-चादरींच्या नक्ष्या काढू लागले. आधी ग्राफ पेपरवर पेन्सिलीने, एकेक चौकोन भरत. उभा धागा वर की आडवा, एवढंच तो चौकोन सांगतो, आणि असे हजारो चौकोन मिळून एक मोर होतो. मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डच्या पत्त्यांना कुठे भोक पाडायचं ते त्यावरून ठरतं. साठीच्या उंबरठ्यावर ते हेच काम कॉम्प्युटरवर शिकले. दुसऱ्या डिस्कबरोबर त्यांच्या चार महिन्यांच्या नक्ष्या गेल्या. त्यातल्या काही त्यांनी पुन्हा काढल्या. काही नाही काढल्या. "पहिल्यांदा हात जसा गेला तसा परत जात नाही," एवढंच म्हणाले होते. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

फोनवर मी "अजून एकदा डिस्क घेऊन या" म्हणणार होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, "मला तुमच्यातलं कळत नाही. पण मागावर एकाच जागी धागा तुटायला लागला, तर आम्ही सूत नाही बदलत. त्या जागचं फणीचं घर बघतो. कुठंतरी कातरलेलं असतंय." फणीचं घर म्हणजे मागाच्या फणीत धागा जिथून जातो ती फट.

तीन डिस्क, एकच जागा. मी सूत बदलत बसलो होतो.

रात्री मी दुकानात उतरवून ठेवलेल्या त्या डिस्कच्या स्मार्ट नोंदी पुन्हा उघडल्या. प्रत्येक डिस्क स्वतःची एक वही लिहीत असते: किती तास चालली, किती तापली, किती सेक्टर निकामी झाले. दुकानात आम्ही त्यात फक्त लाल आणि पिवळं शोधतो. इथे सगळं निळं, म्हणजे ठीक होतं, म्हणून मी पान उलटून पुढे गेलो होतो. आता ओळ न् ओळ वाचली. चाललेले तास 611. ठीक, दिवसाला चार तास. आणि वीज मिळून सुरू झाल्याची संख्या, पॉवर ऑन काउंट: 1,904.

मी कागदावर मांडलं. अण्णा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मशीन लावतात. पाच महिन्यांचे झाले तीनशे. लाइट जाणं-येणं धरून साडेतीनशे म्हणू. मग वरचे पंधराशे कुठून आले? पॉवर-ऑफ रिट्रॅक्टचा, म्हणजे अचानक वीज गेल्याने डिस्कचं हेड मागे ओढलं गेल्याचा आकडाही तसाच फुगलेला होता. म्हणजे कॉम्प्युटर चालू असताना एकट्या डिस्कची वीज तुटत होती, तासाला दोन-तीनदा.

असं होतं तेव्हा डिस्कवर काय गुदरतं ते सांगायला हवं. आतल्या तबकड्या मिनिटाला 7,200 वेळा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा फिरतात, आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटरच्या फटीत तरंगतं. वीज गेली की तबकड्यांच्या उरलेल्या गतीतून मोटर थोडी वीज तयार करते आणि तेवढ्यात ते हेड झटक्याने बाजूला ओढलं जातं. अण्णांना ऐकू यायचा तो टक् हाच. हा संकटकाळचा उपाय आहे. तो डिस्कने दिवसातून दहा वेळा करायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून अण्णांकडे गेलो. सगळ्यात आधी त्यांच्या नक्ष्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून हार्ड डिस्कची नोंद समोर ठेवली. 1,911. जेवणाची सुटी होती, खाली सगळं शांत. अर्धा तास झाला तरी आकडा तिथेच. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं, बरोबर होतं. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, त्याच्या पिवळ्या तारेवर 12.1 व्होल्ट, लाल तारेवर 5.05. दोन्ही उत्तम. मला घाम फुटला होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

मग खाली एक माग सुरू झाला. दुसरा. तिसरा. आठही लागले तेव्हा टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. अण्णा आणि अक्का आवाज चढवून बोलायला लागले, त्यांना ते जाणवतही नाही. मी कॅबिनेटवर तळहात ठेवला. धोटा इकडून तिकडे फेकला जाण्याचा तो ठेका शहाबादी फरशीतून टेबलाच्या पायात आणि तिथून पत्र्यात येत होता.

काही मिनिटांनी टक् झालं. 1,912.

पाऊण तासात 1,913. यावेळी माझं लक्ष डिस्ककडे नव्हतं, तिच्याकडे जाणाऱ्या तारेकडे होतं. आणि तिथे मला माझंच काम दिसलं. पहिली डिस्क बदलताना एसएमपीएसच्या सॅटा प्लगचं, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या प्लगचं, प्लास्टिक तुटलेलं होतं. नवा एसएमपीएस सुचवण्याऐवजी मी मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून सॅटा करणारा एक साधा कन्व्हर्टर लावून दिला होता. त्या जोडातली पिवळ्या तारेची पितळी नळी सैल होऊन फाकली होती. ती नखाने जराशी हलवली आणि डिस्क टक् करून थांबली. पुन्हा हलवली, पुन्हा टक्. कन्व्हर्टरच्या पुढच्या टोकाला मीटर लावून किमान आकडा धरून ठेवणारं बटण दाबलं: 10.2 व्होल्ट. बारा व्होल्टच्या लाइनला 11.4 च्या खाली जायची मुभा नाही. दिसायला तो जोड घट्ट होता, म्हणून तूस साफ करताना मी त्याला हातही लावला नव्हता.

आणि दुकानात डिस्क ठणठणीत का होती? कारण अण्णा दर वेळी फक्त डिस्क काढून आणायचे आणि मी ती माझ्या चांगल्या एसएमपीएसला थेट जोडायचो. आजाराचं मूळ प्रत्येक वेळी घरीच राहत होतं. दुसऱ्या डिस्कची ही नोंद मी बघितलीच नव्हती आणि ती कधीच परत गेली होती. बघितली असती, तर ती डिस्क खराब व्हायच्या आधीच कदाचित चार महिन्यांच्या त्या नक्ष्या हाती राहिल्या असत्या.

मी अण्णांना तो कन्व्हर्टर हातात देऊन सांगितलं, "हा मी लावला होता. डिस्कचा दोष नव्हता, लॉटचाही नव्हता." ते तो बराच वेळ फिरवून बघत राहिले. फाकलेल्या नळीवर बोट ठेवून म्हणाले, "घर मोठं झालंय." मग अक्कांना चहा टाकायला सांगितला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी नवा एसएमपीएस बसवला, ज्याला स्वतःचे सॅटा प्लग आहेत. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. डिस्क दोनच स्क्रूंवर होती, ती चारही स्क्रूंवर रबरी वॉशर घालून बसवली. कॅबिनेट टेबलावरून काढून जाड रबराच्या चटईवर, भिंतीपासून दूर ठेवलं. बाहेरची डिस्क कपाटात, आणि दर शनिवारी तिच्यावर नक्ष्या उतरवायच्या, बाकी आठवडाभर ती कशालाच जोडायची नाही. डिस्क तीच ठेवली, तिचे खराब सेक्टरांचे आकडे अजून शून्यावर होते. माग चालू असताना दीड तास बसून राहिलो. आकडा 1,926 वर थांबला तो थांबलाच.

निघताना तो आकडा ग्राफ पेपरच्या कोपऱ्यात लिहून दिला. अण्णांची नात सातवीत आहे. ती म्हणाली, "ताता मशीन लावतील तेव्हा मी एक रेघ मारीन." ग्राफच्या चौकोनांत, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

महिन्याने गेलो तेव्हा खाली आठही माग चालू होते. नोंद उघडली: 1,984. नात कागद घेऊन आली आणि बोट ठेवून रेघा मोजायला लागली, मध्ये एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. अठ्ठावन्न.