बोटीवरचं सोवळं

क्रूझवर रात्री काय घालायचं याची काळजी आपण करायची नसते, ती बोटवालेच करतात. आज सगळ्यांनी पांढरं, उद्या सूट नाहीतर साडी, असं आधीच कळवलेलं असतं. नवरे मंडळी कुरकुरत का होईना, कोट चढवतात. प्रश्न सुटतो.

घोळ दिवसाच्या जेवणांचा. न्याहारी आणि दुपारचं जेवण यांचे नियम सांगून होतात एका दमात: ओला पोहण्याचा पोशाख नको, उघडं अंग नको, अनवाणी पाय नकोत. काही बोटींवर टेबलाशी वाढणाऱ्या हॉलमध्ये बिनबाह्यांचा बनियनही चालत नाही. बाकी तुमची मर्जी. आणि मर्जी म्हटलं की आपल्या घरात वादाला सुरुवात. बर्म्युडा घालून सासूबाईंसमोर इडली खायची का? गाऊनवर ओढणी घेतली तर चालेल का? (नाही. कुणी हटकणार नाही, पण नाही.)

गंमत अशी, की आपल्या जुन्या सोवळ्याचे नियम याच्या नेमके उलटे होते. पानावर बसायचं तर सदरा उतरवायचा, मुकटा नाहीतर कद नेसायचा, वहाणा बाहेर. असे एखादे आजोबा उघड्या अंगाने आणि अनवाणी बुफेच्या दाराशी आले, तर सगळा आचार पाळूनही त्यांना परत पाठवतील. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तिकडे कारण नोरोव्हायरसचं आहे. बंदिस्त बोटीवर पोटाचा हा आजार झपाट्याने पसरतो, आणि नुसत्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. साबण आणि पाणीच लागतं. आजोबांनी हे ऐकून मान डोलावली असती.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या सफरींना २०२१ पासून निघू लागलेली ‘एम्प्रेस’ ही बोट मूळची १९९० सालची. तेव्हा तिचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ आणि फेऱ्या मायामीहून बहामाच्या. सुट्टीवर आलेले अमेरिकन लोक तिच्यावर पोहता पोहता मध्येच काहीतरी खात असणार. आपल्याकडे न्याहारीच्या रांगेत माणसं आंघोळ आटोपून, भांग पाडून, टिकली लावून उभी असतात. पोहायचं नंतर, आधी पोहे. क्रम उलटा झाला, की कपड्यांचा विचारही बदलतोच.

माझं मत विचाराल तर कपडे ठरवावेत ते हवेवर. डेकवर ऊन आणि वारा, आणि काचेचा दरवाजा ढकलून आत गेलं की एसी असा, की वरणाची वाटी टेबलावर पोहोचेपर्यंत कोमट. म्हणून सुती कुर्ता आणि खांद्यावर एक शाल नाहीतर स्टोल, यापुढे काही सुचत नाही. डेकवर बसून जेवायचं असेल तर सिंथेटिक साडीचा मोह टाळावा. वाऱ्यात पदर आधी शेजारच्यांच्या ताटात जातो. पांढरा लिननचा शर्ट फोटोत फार छान दिसतो आणि रश्श्यापुढे दोन मिनिटंही टिकत नाही. पायात मागे पट्टा असलेली चप्पल बरी, कारण ओल्या डेकवरून हातात भरलेली प्लेट घेऊन चालायचं असतं.

मोहनदास गांधी १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा बोटीवर ते काळा सूट वापरत. मित्रांनी करवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवलेला. आणि जेवायचे कुठे? बहुतेक केबिनमध्येच, बरोबर नेलेली मिठाई आणि फळं. काट्या-चमच्यांची सवय नाही, इंग्रजी बोलायचा संकोच, मांस कशात आहे हे विचारायची हिंमत नाही. इंग्लंडात उतरले तर अख्ख्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. आज त्याच मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर जैन जेवण मिळतं आणि माणसं ते अर्ध्या चड्डीत बसून खातात.

दुपारच्या त्या हॉलमध्ये कडक इस्त्रीच्या कपड्यांत असतात ते फक्त वाढणारे. जगभरच्या बोटींवर त्यांच्यात हटकून एखादा गोव्याचा निघतो. तिथल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरची नोकरी चालत आलेली आहे. मराठी ऐकली की तो हळूच कुठून आलात विचारतो, आणि मग माशाची चौकशी सुरू होते. अशा वेळी आपण निदान बाह्या असलेल्या शर्टात असावं, एवढं मला वाटतं. बर्म्युडा टेबलाखाली जाते, तिचं काही नाही.