आमची वाटचाल : पेटीतला पावसाळा

आमच्या बिलावर ‘रेप्टाइल एन्क्लोजर्स’ असं भारदस्त छापलंय, पण घरात आम्ही ‘कासवाच्या पेट्या’च म्हणतो. शिकागोच्या पश्चिमेला, ऑरोरात, घराच्या गराजमध्ये त्या तयार होतात. मी मूळचा सांगलीचा, पेशाने हीटिंग-कूलिंगवाला. बायको हिशेब आणि ग्राहकांचे फोन सांभाळते, शनिवारी हाताखाली कॉलेजचा एक मुलगा येतो. एवढाच पसारा. सांगलीतले मित्र विचारतात, “कासवाला पेटी कशाला? त्याचं घर पाठीवरच असतं की!” हा विनोद मी दर सुट्टीत ऐकतो आणि दर सुट्टीत हसतो.

सुरुवात झाली ती एका फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या, दुरुस्तीतून. जानेवारीचा महिना, बाहेर उणे १२ सेल्सियस. निवृत्त शिक्षिकेचं घर. फर्नेस सुरू करून हात पुसत होतो, तर बाई म्हणाल्या, “जाता जाता माझ्या कासवाची खोली बघता का? त्याला हवा मानवत नाहीये.” लाकडी उघड्या ट्रेमध्ये पेरूएवढं सुलकाटाचं, म्हणजे आफ्रिकेतल्या एका मोठ्या कासवाचं, पिल्लू बसलं होतं. वर लाल बल्ब, शेजारी फवाऱ्याची बाटली. पाठीवरची एकेक ढाल सपाट असायची, ती टेकडीसारखी वर आलेली. ट्रेला चिकटवलेला काट्याचा मीटर ६० टक्के आर्द्रता दाखवत होता. मी बॅगेतला माझा मीटर काढला. १७ टक्के!

आमच्या धंद्यात हे गणित रोजचं आहे. उणे १२ अंशांच्या हवेत, बाहेर बर्फ पडत असला तरी, घनमीटरमागे जेमतेम दोन ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली की तिच्यात अठरा ग्रॅम मावू शकते. वाफ तेवढीच, जागा नऊपट. मग ती तहानलेली हवा जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. आपले ओठ फुटतात, दारं आकसतात, देवघरातलं चंदनाचं खोड चिरतं. कासवाचं पिल्लू तर जमिनीलगत, बल्बखाली, दिवसभर त्याच हवेत बसलेलं.

बाईंना कुणीतरी सांगितलं होतं की हे वाळवंटातलं कासव, त्याला कोरडंच हवं. साहेलचा पट्टा, म्हणजे सेनेगल, माली, चाड, कोरडा आहे हे खरंच. पण सुलकाटा उन्हात बसून राहत नाही, ते खोल बीळ खणतं आणि बिळातली हवा दमट असते. पिल्लं तर पावसाळ्याच्या सुमाराला जमिनीवर येतात. पाठीवर अशा टेकड्या आल्या की आधी लोक सगळा दोष खाण्यातल्या प्रथिनांना द्यायचे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये याच जातीच्या पिल्लांवरचा अभ्यास छापला. पाठीला टेंगळं येण्यात प्रथिनांचा वाटा किरकोळ आणि कोरड्या हवेचा मोठा, असं त्यात निघालं. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त १७ हा आकडा दिसत होता आणि वाटलं, हे तर आपलंच काम आहे.

पहिल्या वर्षी १२ पेट्या विकल्या आणि त्यांतल्या सात परत आल्या. पहिली चूक मालाची. मेलामाइनचे पांढरे बोर्ड स्वस्त आणि दिसायला देखणे, पण महिनाभरात कडेने पाणी प्यायले आणि चहात बुडवलेल्या खारीसारखे फुगले. दुसरी चूक त्याहून वाईट, कारण ती जनावराच्या अंगावर आली. आर्द्रता वाढवायची म्हणून मी पेटीवर फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, बसवला होता. धुकं छान दिसायचं, ग्राहक खूश. पण वरचं झाकण जाळीचं, त्यामुळे ऊब वर पळायची आणि खाली गार ओल राहायची. त्यात टाकीतलं पाणी दोन दिवसांत शिळं. एका रेडफूट कासवाच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. कासवाला आपल्यासारखं छातीखालचा पडदा आवळून खोकता येत नाही, छातीत साठलेलं बाहेर निघणं अवघड असतं. सहा आठवडे इंजेक्शनं चालली. डॉक्टरांचं निम्मं बिल मी भरलं आणि फॉगर कायमचे बंद केले. आजही लोक मागतात. आम्ही देत नाही.

त्याच हिवाळ्यात आई आली होती. तिची वेगळीच तक्रार, मटकीला मोड येत नाहीत. फडकं भिजवावं तर सकाळपर्यंत वाळून कडक. मी गराजमध्ये फवारे, पाइप, जाळ्या मांडून बसलो होतो. ती दारात उभी राहून बघत म्हणाली, “अरे, पाणी मारून मारून काय होतंय? मी मटकी झाकणाच्या डब्यात घातली, डबा ओव्हनमध्ये ठेवला आणि आतला नुसता दिवा लावला. आले बघ बोटभर मोड.” वीस वर्षं लोकांची घरं ऊबदार केली आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दिवा बाहेर, वर जाळी, म्हणजे पेटीचं धुराडं होतं. गरम हवा वर निघते, जाताना ओल घेऊन जाते, खालून खोलीतली कोरडी हवा आत येते. कितीही पाणी ओता, ते सगळं खोलीला जातं.

तेव्हापासून आमची पेटी चारी बाजूंनी आणि वरूनही बंद. अर्ध्या इंची पीव्हीसी शीट, पुढे सरकत्या काचा, हवेला मोजकी छिद्रं. दिवे सगळे आत. एका टोकाला उन्हाचा बल्ब, त्याखाली ९५ ते १०० फॅरनहाइट, मध्ये यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, नळी, रात्रीसाठी थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर. सुलकाटाच्या पिल्लाला रात्रीसुद्धा ८० फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि हवा ८० टक्क्यांच्या आसपास. उबेतली ओल चालते, गारठ्यातली नाही. हे ग्राहकाला पटवण्यात बायकोचा निम्मा दिवस जातो. खाली चार इंच फरच्या झाडाची बारीक साल किंवा काथ्याचा भुसा. पाणी वरून शिंपडायचं नाही, कोपऱ्यात कोमट ओतायचं, म्हणजे ते तळाशी जाऊन बसतं. वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे, बोट खुपसलं की ओल. वडील पेरणीआधी वाफसा बघायचे, अगदी तसंच. वरचा थर चिकचिकीत राहिला तर पोटाकडची ढाल कुजते. उघड्या ट्रेला दिवसातून चार फवारे लागायचे, या पेटीला आठवड्यातून एखादा तांब्या पुरतो.

मीटरचा धडा मात्र त्या पहिल्या घरातच मिळाला होता. आता आमच्याकडून एकही मीटर मिठाची परीक्षा दिल्याशिवाय जात नाही. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून ओलसर करायचं, विरघळवायचं नाही. टोपण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचे. सकाळी आत ७५ टक्के असतात, म्हणजे असतातच. मीटर ६९ म्हणाला तर मागे चिकटवतो, ‘यात ६ मिळवा’. रविवारी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर अशा दहा-बारा पिशव्या पडलेल्या असतात आणि पाहुण्यांना वाटतं आम्ही लोणच्याचा उद्योग काढलाय.

सुलकाटासाठी पेटी मागायला येणाऱ्या काहींना आम्ही परत पाठवतो, यावरून घरात वाद होतात. आज मुठीत मावतं ते पुढे ४५ किलोंच्याही वर जातं आणि इलिनॉयचा हिवाळा पाच महिन्यांचा. त्याला तेव्हा पेटी नाही, शेड लागते. रशियन कासव किंवा रेडफूट असेल तर बोलतो. रशियन मोठं झाल्यावर त्याला इतकी ओलही लागत नाही.

गावाकडूनही एकदा मागणी आली. ओळखीतल्या एकाने रुमालात बांधून आणलेलं चांदण्यांचं कासव, ‘लक्ष्मी येते’ म्हणून. पेटी पाठव म्हणाला. मी नाही म्हणालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. वनखात्याकडे दे, एवढंच सांगितलं. कासव देवळात नंदीसमोर दगडाचं असतं, ते तिथेच बरं. त्यावरून वर्षभर अबोला होता.

त्या शिक्षिका अजून दर डिसेंबरला फोटो पाठवतात. टेकड्या सपाट होत नाहीत, एकदा आल्या की आल्या. पण प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी नव्या वाढीची कडी दिसते, फिकट, गुळगुळीत. यंदा ती माझ्या बोटाएवढी रुंद झालीय. त्यांनी विचारलंय, दिवसा काचेवर दव धरतं, काही बिघडलंय का? दव बाहेरच्या थंडीने धरतं, पुसू नका, असं कळवलंय. फक्त त्यांच्या पेटीचं डावं दार घासतंय, त्याची पट्टी शनिवारी बदलायला जायचंय.