सात नंदीध्वज आणि एक ट्रान्सफॉर्मर

दहावीला असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचा देखावा केला होता. पुठ्ठ्याचं सिद्धेश्वराचं देऊळ, निळ्या कागदाचा तलाव आणि पुढे ओळीनं सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या. प्रत्येकाच्या शेंड्यावर एक लाल एलईडी. ५५५ आणि ४०१७ या दोन आयसींवर (चिपवर) ते एकामागून एक लागायचे; ५५५ ठोके देतो, ४०१७ ते मोजतो. मोजतो तो दहापर्यंत. पण त्याच्या आठव्या आउटपुटची पिन रिसेटला जोडली, की सातव्यानंतर गाडी परत पहिल्यावर येते. हे जुळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

अडचण बॅटरीची होती. नऊ व्होल्टची बॅटरी फार टिकेना आणि रोज नवी आणणं परवडणारं नव्हतं. वडील यंत्रमागावर कामाला होते. ओळखीच्या एका कारागिरानं स्वस्तातली युक्ती सांगितली. ०.४७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कपॅसिटर घरच्या विजेच्या लाइनीत टाकायचा, पुढे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे चार डायोड आणि व्होल्टेज आवरणारा एक झेनर. तीसेक मिलिअँपिअर मिळतात, ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचतो. मी तसं केलं आणि दिवे छान पळायला लागले.

आमचे विज्ञानाचे सर आले, दोन मिनिटं कौतुकानं बघत उभे राहिले. मग खिशातला टेस्टर काढून त्यांनी एका एलईडीच्या पायाला लावला. टेस्टरमधला निऑन नारिंगी पेटला.

"सर, चालतंय की!"

"चालतंय रे. या पायाला बोट लावशील का?"

माझी बोलतीच बंद झाली. सरांनी प्लग काढला आणि तिथंच बाकावर बसून समजावलं. कपॅसिटर करंट आवरतो, पण सर्किट घरच्या २३० व्होल्टला तारेनं जोडलेलंच राहतं. ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी वेगळी असतात, वीज पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. देखावा बघायला पहिली-दुसरीची पोरं येणार, ती नंदीध्वजाला हात लावणारच. हे ऐकताना माझे हात गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या पैशानं ९-०-९ चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना नऊ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर आणून दिला. दोन १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ७८०५ हा स्थिर पाच व्होल्ट देणारा आयसी. फेजच्या वायरीत फ्यूज, तीन पिनांचा प्लग आणि पत्र्याच्या डब्याला अर्थिंग. कपॅसिटरवर मीटर बारा व्होल्टच्या वर गेला, तेव्हा मी चक्रावलो. नऊला १.४१४ नं गुणायला लावून सरांनी मला शिखर-व्होल्टेज, म्हणजे एसीच्या लाटेचं सर्वात वरचं टोक, शिकवलं. पुस्तकातलं ते सूत्र मला त्या दिवशी कळलं. ७८०५ च्या पुढे मात्र बरोबर पाच.

पहिल्यांदा डबा लावला तो थेट नाही, साठ वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि बाकी सगळं वाचतं. बल्ब पेटला नाही. नंदीध्वज चालू लागले.

आज माझं दुरुस्तीचं दुकान आहे, आणि भिंतीवर तसाच बल्बचा सिरीज बोर्ड पहिल्या दिवसापासून आहे. प्रोजेक्टसाठी पोरं येतात, त्यांना मी मोबाइलचा चांगला पाच व्होल्टचा चार्जर वापरायला सांगतो. आतलं काम त्यात सुरक्षितपणे झालेलं असतं. पण ज्याला आतलं बघायचंय, त्याला माझ्यासमोर बसवून डबा करायला लावतो. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी असे दहा डबे करून द्यायचं ठरवलंय. ट्रान्सफॉर्मर आणून ठेवलेत.