टाकीतला टुक आवाज

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर हत्यारं मांडतात. मायक्रोमीटर, व्हर्नियर, पान्यांचा जुना सेट, आणि गेली काही वर्षं माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं ४६ नंबरचं ग्लो इंजिन, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने पेटणारं. ४६ म्हणजे ०.४६ घनइंच, साडेसात सीसी. यंदा त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवताना सहज प्रॉपला, म्हणजे पुढच्या पंख्याला, हात लावला. हललाच नाही.

चूक माझीच. जूनमधल्या शेवटच्या रविवारी मखमलाबादच्या पुढे, ओळखीच्यांच्या पडीक रानात उडवत होतो. (देवळालीकडे तोफखाना, ओझरकडे विमानतळ, त्यामुळे कुठे उडवायचं ते आधी विचारून घ्यावं लागतं.) गंगापूरच्या बाजूने आभाळ भरून आलं, घाईत विमान उतरवलं आणि ते ढेकळांत नाक रोवून उभं राहिलं. प्रॉप मोडला. सामान गोळा करून गाडीत कोंबलं आणि घर गाठलं. टाकी रिकामी केली नाही की इंजिनात तेल सोडलं नाही.

या इंधनात मुख्य माल मिथेनॉल, त्यात अठरा-वीस टक्के तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. चार महिने आपला नाशिकचा पाऊस, मग बेअरिंगला गंज चढायला दुसरं काय हवं? शिवाय आमच्या तेलात एरंडेल. ते सुकलं की डिंकासारखं धरतं.

भाचा म्हणाला, "मामा, पक्कड लावू का?"

"लाव, आणि नवीन इंजिनाचे पैसेही काढून ठेव."

बायकोचा हेअर ड्रायर घेतला. सिलिंडरचं डोकं हाताला सोसवेना इतकं गरम केलं, प्लग काढून मशीनच्या पातळ तेलाचे चार थेंब सोडले आणि प्रॉप हलके हलके मागे-पुढे केला. आधी केसभर हलला, मग अर्धा फेरा, मग सुटला. काळपट तपकिरी तेल बाहेर आलं. बेअरिंगला खरखर नव्हती, वाचलो. ड्रायरला मात्र अजून एरंडेलाचा वास येतो, असं घरातून ऐकू येतं.

नवीन पोरांसाठी सांगतो, थंड असताना पिस्टन वर पोचला की या इंजिनात घट्ट लागतंच. पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती पितळी स्लीव्ह वर निमुळती असते, गरम झाल्यावर जागेवर येते. त्याला जाम म्हणत नाहीत.

खरी गंमत पुढच्या रविवारी. प्लगला दीड व्होल्ट दिला, दोन टिचक्यांत इंजिन चालू. प्लगची तार प्लॅटिनमची. एकदा इंजिन धरलं की मिथेनॉल आणि प्लॅटिनम मिळून ती लाल राहते, मग बॅटरी काढली तरी चालतं. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवून कमाल आरपीएमला नेली, तिथून दोन-तीनशे आरपीएम रिचकडे, म्हणजे जास्त इंधनाकडे, परत आणली. भाच्याला विमानाचं नाक वर करून धरायला लावलं, आवाज तुटला नाही. म्हटलं, झालं.

उडालं. तीन-चार मिनिटं मस्त. मग लूपसाठी वर चढवलं आणि इंजिन गप्प. उतरवलं. तापून लीन होत असणार, म्हणजे इंधन कमी पडत असणार, म्हणून नीडल दोन क्लिक उघडली. पुन्हा तेच. आणखी दोन क्लिक. आता जमिनीवर धूरच धूर, आणि वर गेलं की चौथ्या मिनिटाला गप्प. प्लग बदलला, इंधनाची नळी बदलली, मागच्या झाकणाचे स्क्रू आवळले. "मामा, पहाटे गार होतं ना, हवा जड असते," असं भाच्याने ऐकवलं. हवा जड झाली की नीडल थोडी उघडावी लागते हे खरं, पण त्याने असं चढणीवर मरत नाही. आणि रिच करूनही मरतंय, तर दोष नीडलचा कसा?

टाकी काढली. हातात धरून कानाशी हलवली. आवाज नाही.

टाकीत मऊ सिलिकॉनच्या नळीच्या टोकाला पितळेचा वजनदार तुकडा असतो, क्लंक म्हणतात त्याला. विमान कसंही वळलं तरी जिकडे इंधन जाईल तिकडे तो पडतो. टाकी हलवली की भिंतीवर आपटून टुक टुक वाजायला हवा. माझा तुकडा नाकाकडच्या कोपऱ्यात उलटा जाऊन अडकला होता, जूनच्या त्या ढेकळांपासून. चिकट झालेल्या तेलाने त्याला तिथेच धरून ठेवलं. टाकी भरलेली असली की पुढचा कोपराही इंधनात बुडालेला, म्हणून जमिनीवर नाक वर करूनसुद्धा परीक्षा पास. अर्धी टाकी संपली आणि विमान चढू लागलं की इंधन मागे, तुकडा पुढे, आणि कार्बोरेटरला नुसती हवा. चार मिनिटांचा हिशेब तिथे लागला.

नवीन नळी दोन मिलिमीटर आखूड कापली, तुकडा मागच्या भिंतीला घासणार नाही एवढीच. नीडल होती तिथे परत आणली. आणि नाक वर करून बघायची परीक्षा आता मी टाकी अर्धी करून घेतो.

संध्याकाळी टाकी ओतून काढली, नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, कार्बोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात तेल सोडून प्रॉप आठ-दहा वेळा फिरवला. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. जूनमध्ये एवढी पाच मिनिटं होती की माझ्याकडे, पाऊस तर पुढे अर्ध्या तासाने आला.

भाचा आता गाडीतून विमान काढलं की आधी ते कानाशी धरून हलवतो. शेजारच्या बागेत द्राक्षांना फवारणी करणारे थांबून बघत राहतात.