श्वास कुठेच तुटत नाही

आज दुपारी हेडफोन लावून सॅक्सोफोनवादक इव्हान पार्करची १९७८ची 'मोनोसेरॉस' ही रेकॉर्ड ऐकली. एकटा माणूस, एक सोप्रानो सॅक्सोफोन, बस्स. गालातली हवा बाहेर ढकलतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा. आपले सनईवाले हेच करतात. पण पार्कर त्यावर जिभेचे आघात आणि बोटांची अशी काही गुंफण करतो, की दोन-तीन पक्षी एकदम भांडताहेत असं वाटतं.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा हा माणूस. १९७०मध्ये गिटारवादक डेरेक बेली आणि ड्रमर टोनी ऑक्स्लीबरोबर 'इंकस' हे स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं. ठरलेली चाल नाही, ताल नाही, आणि पन्नासहून जास्त वर्षं हाच ध्यास. केवढी निष्ठा!

संध्याकाळी स्पीकरवर परत लावली. आई दारात थबकली. म्हणाली, "अगं, दम नाही का लागत त्याला?" आणि शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली.